माडाखाली पुरू नका, भंगारात देऊ नका

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आहे. यजमान सुतारकाम करतात. पूर्वीची वायरवाली यंत्रे जाऊन आता बॅटरीवरचे ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि छोटा ग्राइंडर आला आहे. घरात पाच बॅटऱ्या आणि तीन चार्जर आहेत. त्यांतले दोन चार्जर नावाजलेल्या कंपनीचे, तिसरा ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त सेटमधला. रात्री सगळे हॉलमध्ये सोफ्याशेजारी एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लागतात, ते सकाळीच निघतात. एक बॅटरी शिडीवरून खाली पडली. तेव्हापासून ती चार्जिंगला लावली की गरम होते आणि कधी कधी चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकत राहतो. यजमान म्हणतात, ‘मोबाइलच्या बॅटरीसारखी फुगलेली नाही, म्हणजे चांगली आहे. फार तर मोबाइलवाल्याकडून सेल बदलून घेतो.’ सासरे म्हणतात, ‘मेली ना ती? माडाच्या मुळात पुरून टाक.’ ताईंना वाटते की माळ्यावरच्या दोन जुन्या बॅटऱ्यांसकट सगळे भंगारवाल्याला द्यावे आणि उरलेल्यांचे चार्जिंग बाहेर बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीवर) हलवावे. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे, माटोळीच्या (गणपतीवर फळे-भाज्या टांगायच्या) चौकटीपासून सगळी ठोकाठोक घरीच होणार आहे, आणि यावरून रोज वाद होतो. त्या विचारतात: नवऱ्याला समजावू कसे, आणि या बॅटऱ्या टाकायच्या तरी कुठे?

ताई,

आज एवढे एकच करा. ती पडलेली बॅटरी पुन्हा चार्जरवर चढू देऊ नका. बाकी सगळे, वादासकट, आठवडाभर थांबले तरी चालेल.

तुमच्या घरात तिघांची तीन मते दिसतात, पण सासऱ्यांनी आणि तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: बॅटरी यंत्र चालवत नाही म्हणजे ती संपली. तसे नसते. १८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत, म्हणजे पॅकमध्ये, ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणून तोच पॅक कुणी २० व्होल्ट, कुणी २१ व्होल्ट म्हणून विकतो. जास्त क्षमतेच्या पॅकमध्ये सेलच्या अशा पाच जोड्या, म्हणजे दहा सेल असतात. त्यातली एक जोडी बिघडली की चार्जर पॅक नाकारतो, यंत्र थांबते आणि आपण ‘मेली’ म्हणतो. उरलेल्या चार जोड्या मात्र जवळजवळ भरलेल्या असू शकतात. १८ व्होल्ट ४ अँपिअर-अवरचा पॅक भरलेला असताना त्यात ७२ वॅट-अवर ऊर्जा असते. टर्मिनलवर स्क्रू आडवा पडला तर ती एकदम बाहेर येते आणि स्क्रू लालभडक होतो. सुताराच्या पिशवीत स्क्रू किती सुटे असतात ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून चांगली बॅटरीसुद्धा पिशवीत प्लास्टिकची टोपी लावूनच ठेवायला सांगा. टोपी हरवली असेल तर वेगळ्या कप्प्यात, पण स्क्रूंबरोबर नको.

आता ‘फुगलेली नाही’ या मुद्द्याकडे. मोबाइलमध्ये सेल असतो तो मऊ पाकिटात, म्हणून आत वायू झाला की पाकीट फुगते. अवजारांच्या बहुतेक पॅकमध्ये पोलादी डबीतले गोल सेल असतात, आणि पोलाद फुगत नाही. आतला दाब वाढला की डबीच्या टोकाची झडप उघडते आणि वायू झपकन बाहेर येतो. तोवर बाहेरून काहीही दिसत नाही. अशा पॅकमध्ये फुगवट्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. खुणा वेगळ्या असतात: प्लास्टिकच्या सांध्याला फट, टर्मिनलजवळ काळसर किंवा वितळल्याचा डाग, थिनरसारखा किंवा गोडसर वास, काम न करताही कोमट लागणे, चार्जिंग अर्ध्यात तुटणे. पडलेला पॅक चार्जरवर गरम होतो आणि दिवा लुकलुकतो, यातच दोन खुणा आल्या. पडल्यामुळे सेलच्या आतले पातळ पडदे सरकले किंवा जोडपट्टी सुटली असेल, तर शॉर्ट तिथल्या तिथे होतो असे नाही. कधी पुढच्या चार्जिंगला होतो, कधी त्याच्याही पुढच्या.

तर ती बॅटरी ठेवायची कुठे? टर्मिनलवर इन्सुलेशन टेपचे दोन थर लावा. नुसत्या टर्मिनलवर, सगळा पॅक गुंडाळायचा नाही. मग मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या जुन्या डब्यात कोरडी रेती घालून त्यात ठेवा आणि वरून रेती टाका. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. रेती बांधकामाची घ्या, दर्यावरची नको. तिच्यात मीठ आणि ओल असते, आणि खारट ओलीतून वीज वाहते. रेती मिळत नसेल (हल्ली तीही सहज मिळत नाही) तर चाळलेली कोरडी माती चालते. डबा घरापासून तीन-चार मीटर दूर, पाऊस आणि ऊन दोन्ही लागणार नाही असा ठेवा. लाकडाचा साठा आणि पार्क केलेली स्कूटर जवळ नको.

मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी ‘मारण्याचा’ उपाय मोबाइलवर फिरत असतो. घरी तो करू नका. खारे पाणी आधी टर्मिनल खाते, ते तुटले की सेल भरलेलेच राहतात आणि पॅक मात्र निकामी दिसतो. शिवाय पाण्यातून हायड्रोजन आणि क्लोरीनसारखे वायू निघतात. आणि ते घाण पाणी टाकायचे कुठे, हा आणखी एक प्रश्न उभा राहतो.

माडाच्या मुळाचा विचार तर सासऱ्यांना प्रेमानेच सोडायला सांगा. जमिनीत पोलाद गंजते. मग सेलमधल्या द्रावणाला ओल लागते आणि त्यातल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. माळ्यावरच्या जुन्या बॅटऱ्या तर बहुधा निकेल-कॅडमियमच्या असतील. लेबलवर ‘नि-कॅड’ असे छापलेले दिसते का, पाहा. कॅडमियम विषारी धातू आहे आणि मूत्रपिंडाला बाधतो. आपला चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो आणि विहीर बहुतेक घरांत माडांच्या आसपासच असते. विष खाली मुरायला फार लांब जावे लागत नाही.

आता चार्जर. मला तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची ओळ पडलेल्या बॅटरीची वाटली नाही. ‘तीन चार्जर, एकच बोर्ड’ ही वाटली. तुम्हाला बोर्डवर भार येतो अशी भीती असावी. तो फारसा येत नाही. वेगवान चार्जरसुद्धा साधारण २५० वॅटच्या आसपास घेतो आणि ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर सुमारे १,३८० वॅट पेलतो. बोर्डचे छिद्र सैल झाले असेल, पिन काळी पडली असेल किंवा आत भुसा गेला असेल तर तो बदला, एवढेच. खरी भीती अदलाबदलीची आहे. नावाजलेल्या कंपन्यांचा पॅक खाचेत बसतो, दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर बसतच नाही. स्वस्त सेटमध्ये मात्र चार्जरची गोल पिन असते, आणि तशीच पिन १२.६, १६.८, २१ आणि २५.२ व्होल्टच्या चार्जरला येते. शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राचा २५.२ व्होल्टचा चार्जर तुमच्या २१ व्होल्टच्या पॅकला सहज बसेल. मग प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ५ व्होल्ट येतील. पॅकमधले संरक्षण सर्किट चांगले असेल तर ते पुरवठा तोडेल. स्वस्त पॅकमध्ये ते नावापुरते असते, काहींत नसतेच. लिथियम बॅटरीला जास्त व्होल्ट देणे हा आग लावायचा खात्रीचा मार्ग आहे.

म्हणून रंगीत टेप आणा. प्रत्येक पॅकला आणि त्याच्याच चार्जरला एकाच रंगाची पट्टी लावा. गोल पिनेच्या चार्जरच्या वायरवर पांढऱ्या टेपवर व्होल्ट लिहा. अडॅप्टर वापरून एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालवण्याचा मोह कारागिरांना फार होतो. त्यात अडचण अशी की काही कंपन्यांमध्ये ‘बॅटरी उतरली, थांब’ हा आदेश पॅक देत नाही, यंत्र देते. यंत्र बदलले की आदेश देणारा कुणी राहत नाही आणि सेल २.५ व्होल्टच्या खाली ओढला जातो. इतका उतरलेला सेल आतून खराब होतो. त्याला दुसऱ्या बॅटरीची वायर लावून ‘जागे’ करणे तर अजिबात नको.

रात्रभर चार्जिंगची गरजच नाही. २ अँपिअरचा चार्जर ४ अँपिअर-अवरचा पॅक सुमारे सव्वादोन-अडीच तासांत भरतो. यजमान घरी आल्यावर चहा, आंघोळ, जेवण होईतो तो झालेला असतो. कामावरून आलेला पॅक लगेच लावायचा नाही, ग्राइंडरवर चालून तो तापलेला असतो. अर्धा तास थांबायचे. लिथियमला चार्जिंगसाठी साधारण १० ते ४० अंश सेल्सिअस तापमान मानवते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ते सहज ओलांडले जाते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ बरी. थंड करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढताच आत-बाहेर दव जमते. आणि ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची’ ही सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली आहे, लिथियमला ती उलट त्रास देते. अर्ध्यावर आली तरी लावावी.

बाल्कांवाचे काय? तुमचा विचार पटतो: आग लागलीच तर घराबाहेर लागावी. पण जून ते सप्टेंबर गोव्यात बाल्कांवात पावसाची झड येते, ओल असते, किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवाही असते, आणि या तिन्हींचा राग टर्मिनलवर आणि चार्जरवर निघतो. शिवाय बाल्कांव हीच घरातून बाहेर पडायची वाट असते. तिथे आग लागली तर तुम्ही सगळे आत अडकाल. मला योग्य वाटते ती जागा अशी: आतली, कोरडी, हवेशीर खोली, जिथे कुणी झोपत नाही आणि जी दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेवर नाही. लादी किंवा कडप्प्यावर, सगळ्या बाजूंनी मीटरभर मोकळे. पडदा, गादी, सोफा, लाकडाचा भुसा, थिनर आणि पॉलिशचे डबे जवळ नकोत. सुताराच्या घरात भुसा आणि हे डबे नसलेली खोली शोधावीच लागेल. बाजारात मिळणारा तीन तासांचा फिरवायचा टायमर सॉकेटला लावला की विसरण्याचा प्रश्न मिटतो. वीज कडाडायला लागली की प्लग काढा. वीज खात्याची लाइन गेली-आली की धक्का चार्जरला बसतो. एमसीबी आणि ईएलसीबी (बिघाड होताच घराची वीज तोडणारे स्विच) असले तरी ते बॅटरीच्या आत लागलेल्या आगीला थांबवत नाहीत, कारण ती आग घराच्या विजेवर जळत नसते.

यजमानांना समजावताना भीतीपासून सुरुवात करू नका. दिवसभर अवजार हातात असणाऱ्या माणसाला घरच्यांची भीती भित्रेपणा वाटते. पैशापासून सुरुवात करा. रात्रभर शंभर टक्क्यांवर, गरम कोपऱ्यात राहिलेली बॅटरी लवकर थकते. महिनाभर पडून राहणार असेल तर ती अर्धी भरून, थंड कोरड्या जागी ठेवावी म्हणजे जास्त टिकते. हे ते नाकारणार नाहीत. त्यांच्याकडे मल्टिमीटर असेलच. चांगल्या वाटणाऱ्या पॅकची परीक्षा त्यांनाच घेऊ द्या: पूर्ण चार्ज करून तासाभराने डीसी व्होल्ट मोजायचे, मीटर २०० व्होल्टच्या घरात ठेवून. २० च्या घरात ठेवला तर २१ व्होल्टचा पॅक मापाबाहेर जातो आणि माणूस उगाच गोंधळतो. वाचन २०.५ च्या वर हवे. पॅक न वापरता एक दिवस ठेवून पुन्हा मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त उतरला असेल तर आत कुठेतरी गळती आहे, तो पॅक बाजूला. पडलेल्या पॅकवर मात्र ही परीक्षा नको, त्यासाठी तो चार्ज करावा लागेल.

सेल बदलण्याला माझा सरसकट विरोध नाही. महागडा पॅक, वॉरंटी संपलेली, फक्त वयाने थकलेला, आणि काम जाणणारा कारागीर असेल तर ते होऊ शकते. पण त्याला चार प्रश्न विचारा. सगळे सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदलणार का? जुन्यात दोन नवे घातले तर नवे जुन्यांच्या मागे फरफटतात. जोड स्पॉट वेल्डिंगने की सोल्डरने? सोल्डरची उष्णता सेलचे सील बिघडवते. सेल किती अँपिअर सोसणारा? इम्पॅक्ट ड्रायव्हर जोर लागला की २० अँपिअर किंवा जास्त ओढतो, आणि लॅपटॉपमधून काढलेला सेल बहुधा ५-६ अँपिअरच्या पुढे जाण्यासाठी बनलेलाच नसतो. आणि सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापले आहे का? त्या आकाराच्या, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेलची खरी क्षमता साधारण ३,५०० च्या आसपास संपते. एवढे मोठे आकडे छापणारा सेल घेऊ नये. मोबाइलवाला या प्रश्नांना हसला तर उत्तर मिळाले असे समजा. पडलेल्या पॅकसाठी तर हा पर्यायच नाही, कारण तो उघडतानाही धोका असतो.

भंगारवाल्याविषयी थोडे कठोर बोलतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे तो पैसे देतो ते शिशाचे. तुमचे पॅक त्याच ढिगात गेले आणि शिसे वितळवणाऱ्याकडे पोचले तर तिथे स्फोट होऊ शकतो. नाही पोचले तर कुणीतरी पोरगा हातोड्याने फोडून तांबे शोधतो. सुक्या कचऱ्याच्या पिशवीतही टाकू नका. साळगावच्या कचरा प्रकल्पात सुका कचरा वेगळा करून, दाबून गाठी बांधतात आणि त्या कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे पाठवतात. दाबयंत्रात चिरडलेला एक पॅक पुरा ढीग पेटवू शकतो.

केंद्र सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीची आहे. आपल्यावर एकच बंधन आहे, ती इतर कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्याकडे देणे. पॅकवर चाके असलेल्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र असते, त्याचा अर्थ हाच. तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा जिथून घेतली त्या दुकानाला फोन करा आणि स्पष्ट सांगा, ‘एक पॅक पडलेला आहे, गरम होतो.’ न सांगता काउंटरवर ठेवणे त्यांच्यावर अन्याय. नेताना तो डब्यातच न्या, सकाळी, स्वतःच्या वाहनाने. कदंब बसच्या गर्दीत नको, उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत नको. कुरिअरने तर नकोच. स्वस्त सेटच्या विक्रेत्याचा पत्ता लागणार नाही, हेही मला ठाऊक आहे. मग पंचायतीत किंवा पालिकेत विचारा की ई-कचरा आणि बॅटऱ्या कोणत्या दिवशी, कोण घेते. तिथे दाद लागली नाही तर गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाला विचारा. चांगल्या आणि जुन्या बॅटऱ्यांची टर्मिनलही टेपने झाका, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, निकेल-कॅडमियमवर तसे लिहून. चार्जर बॅटरीच्या नियमात येत नाही, तो ई-कचऱ्यात जातो. त्याची वायर प्लग काढलेला असताना कापून द्या, म्हणजे कुणी उचलून पुन्हा लावणार नाही. आत काय आहे म्हणून उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही काही काळ ३२५ व्होल्टपर्यंत भार राहू शकतो.

हे वाचेपर्यंत काही झालेच तर: धूर दिसला की आधी मेन स्विच, मग माणसे बाहेर, खोलीचे दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ वर ‘लिथियम बॅटरी’ हा शब्द सांगून कळवा. धुमसता पॅक हातात उचलून बाहेर फेकायला जाऊ नका, त्या धुरात विषारी वायू असतात. ओले गोणपाट टाकून ही आग विझत नाही, सेल स्वतःच्या उष्णतेवर जळत राहतो. पावडरचा अग्निशामक ज्वाळा दाबतो, पण पॅक थंड करत नाही, आणि काही तासांनी तो पुन्हा पेटतो. थंड करते ते पाणी, भरपूर, वीज बंद झाल्यावर, दुरून. ते अग्निशमन दलावर सोडलेले बरे.

चवथीसाठी नवी बॅटरी घ्यावीच लागेल, तर यंत्राच्याच कंपनीची घ्या. पॅकवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि ‘आर-’ पुढे आठ आकडे आहेत का ते पाहा. ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असे मोठे आकडे छापलेला स्वस्त पॅक दिसला तर मागे वळा, आत पाचच सेलची रांग असते. बिल जपून ठेवा, त्याशिवाय वॉरंटी चालत नाही. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘जुनी परत घेणार का?’